दाजींनी स्वतःलाच अडवलं

आमच्या दाजींना रक्तपेढीत सगळे ‘भिंगरी’ म्हणतात. तोंडावर नाही, पण त्यांना माहीत आहे. हा माणूस बसून चहा पीत नाही. कप घेऊन तीन खोल्या फिरतो आणि चौथ्या खोलीत विसरून येतो. असल्या माणसाशी सोळा वर्षं संसार केल्याबद्दल ताईचा सत्कारच व्हायला हवा. मला रक्तदात्यांच्या नोंदी करायला तिथं दाजींनीच चिकटवलं, त्यामुळे थट्टा जपून करावी लागते. करतो, पण जपून.

शिक्षण त्यांचं वायरमनचं. सर्व्हर मात्र पुस्तकं वाचून, चुकत-माकत, स्वतःच्या हातानं उभा केला. बारा रुग्णालयं त्यावरून रक्ताची मागणी नोंदवतात. सोमवारी त्यातल्या सगळ्यात मोठ्या रुग्णालयाचं पत्र आलं: तुमच्या सर्व्हरवरून माहिती नीट कुलूपबंद होऊन जाते का, ते तपासून शुक्रवारी दुपारी एकपर्यंत अहवाल पाठवा, नाहीतर जोडणी तोडू.

रक्तपेढीच्या प्रमुख डॉक्टरीणबाईंनी पत्र दाजींपुढे ठेवलं. “जोडणी तुटली तर सर्व्हर बाहेरच्या कंपनीकडे द्यावा लागेल, हं.”

झालं. त्या सर्व्हरला दुसऱ्यानं हात लावायचा म्हणजे दाजींचा जीव जायचा बाकी. पण म्हणून ते लगेच कामाला लागले का? चार दिवस त्यांनी पंखे दुरुस्त केले. शुक्रवारी साडेअकराला माझ्या टेबलापाशी उगवले.

“मेहुणे, उठा. तुमच्या संगणकावरून करू. चाचणी बाहेरून करायची असते.”

त्यांनी तपासणीचं एक साधन उतरवून घेतलं. त्याला ना चित्र ना बटण. काळ्या खिडकीत आज्ञा लिहायची, बस. पहिल्या आज्ञेला उत्तर आलं, परवानगी नाही.

“बघा! आमच्याच घरात आम्हाला परवानगी नाही.”

“घरी ताई पण हेच म्हणते.”

“गप बसा.”

परवानगी दिली, तर ते आणखी एक प्रोग्रॅम मागायला लागलं. तोही बसवला. मी विचारलं, “हे करतं काय नेमकं?”

“आपल्या दाराला आहेत नाहीत तेवढ्या किल्ल्या लावून बघतं. एखादी जुनी, गंजकी किल्ली लागली, की लाल ओळ.”

ओळी सरसर आल्या. हिरवी, हिरवी, हिरवी. मग थांबल्या. दाजींची बोटं टेबलावर वाजायला लागली.

“अडकलं.”

“चालू असेल, दाजी. किल्ल्या बऱ्याच असतील.”

“अडकलंय रे!” म्हणत त्यांनी ते बंद केलं आणि पुन्हा पहिल्यापासून लावलं. पुन्हा तिथंच थांबलं, पुन्हा बंद. असं तीनदा. चौथ्यांदा एकही ओळ आली नाही. सर्व्हर उत्तरच देईना.

दाजींचा चेहरा उतरला. मग एकदम कपाळावर हात मारला. “अरे देवा, मीच!”

गेल्या वर्षी त्यांनीच सर्व्हरवर पहारा बसवला होता: अर्ध्या तासात कोणी फार वेळा दार ठोठावलं, की त्याला दिवसभर बंदी. एका चाचणीला हरकत नव्हती. पण दाजींनी साडेतीनशे किल्ल्या तीन-तीनदा खुळखुळवल्या होत्या. हात दाखवून अवलक्षण ते हेच.

मागच्या खोलीत सर्व्हरपाशी खुर्ची नाही. दाजींनी कधी ठेवलीच नाही, बसतो कोण? उभ्यानंच त्यांनी माझ्या संगणकाचा पत्ता बंदीतून काढला. तोवर साडेबारा वाजले होते. माझ्या टेबलाशी परत येऊन त्यांनी आज्ञा दिली आणि मी कीबोर्ड उचलून सरळ मांडीवर घेतला.

“हे काय?”

“तुम्ही फक्त बघायचं. हात खिशात.”

ओळी पुन्हा थांबल्या. पाच मिनिटं. आठ मिनिटं. दाजी दारापर्यंत गेले, आले, गेले, आले. बारा त्रेचाळीसला उरलेल्या ओळी भदाभदा कोसळल्या. सगळ्या हिरव्या. मधे एकच लाल.

दाजींनी ती ओळखली. “ही जुनी किल्ली आपल्या बारांतल्या एका प्रसूतिगृहासाठी ठेवलीय. त्यांचा संगणक पुराणकाळातला. दुसरी किल्लीच लागत नाही त्याला.”

“मग?”

“बंद करायला एक ओळ पुरे. पुन्हा चाचणी, दहा मिनिटं. एकच्या आत सगळं हिरवं.” हात कीबोर्डकडे आला आणि मधेच थांबला. इतका वेळ थांबलेला तो हात मी पहिल्यांदाच पाहिला.

“आणि आत्ता तिथं कोणाला रक्त लागलं तर?” ते स्वतःशीच म्हणाले. “दार लावायचं तर आधी सांगून लावायला पाहिजे ना.”

अहवाल लाल ओळीसकट पाठवला. खाली त्यांनी लिहिलं: ही चूक नाही, मी मुद्दाम ठेवली आहे, कारण अमुक. एकला चार मिनिटं कमी होती.

पुढची वीस मिनिटं विचारू नका. मग उत्तर आलं. “कारण समजलं. पंधरा दिवसांत ती सोय बंद करावी. तोवर जोडणी चालू राहील.”

डॉक्टरीणबाईंनी ते दोनदा वाचलं आणि पत्र फायलीत लावलं. “कंपनीचं राहू दे मग.”

पण ऐकायला दाजी होते कुठं? ते फोनवर होते. “सिस्टर, पंधरा दिवसांत तुमचा तो संगणक बदलायचाय.”

पलीकडून आवाज आला, “अहो, जेवायला बसलेय मी. पंधरा दिवस आहेत म्हणता ना?”

“बसा, बसा, सावकाश जेवा. मी निघालोच!”