आधणाचं पाणी आणि पिझ्झ्याची कणीक

माझ्या सासूबाई आमच्यासोबत जेवत नव्हत्या, हे त्या हिवाळ्यातलं आमच्या घरचं सगळ्यात मोठं दुखणं होतं. पावसाळ्यात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. पाय सावरला, वाचा सावरली, पण उजव्या हाताची बोटं काही मिटेनात. हात खांद्यातून उचलायचा, कोपरातून वळायचा, पण बोटांत घास म्हणून धरवत नव्हता. पिंपळगाव राजा या गावचं घर बंद करून आम्ही त्यांना बुलढाण्याला आणलं, आणि पहिल्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं की माझं ताट आतल्या खोलीत ठेवत जा. दार लोटून घ्यायच्या आणि आत डाव्या हातानं जेवायच्या.

ज्या बाईनं आयुष्यभर डाव्या हातानं खाणाऱ्या पोरांच्या हातावर चापट मारली, तिच्यावर ही वेळ आली होती. त्यांची अडचण मला कळत होती, तरी राग यायचा. नवरा कोर्टातून दमून यायचा, ताटावर बसायचा आणि आईच्या बंद दाराकडे बघत भाकरी मोडायचा. दोन घासांत उठायचा. त्याला काही बोलायची सोय नव्हती, आणि आईला तर नव्हतीच नव्हती. डॉक्टरांनी बोटांच्या व्यायामासाठी एक मऊ चेंडू दिला होता. सासूबाई म्हणाल्या, "मी काय लेकरू हाओ का चेंडू खेयाले?" चेंडू फ्रिजवर गेला आणि उजवा हात पदराखाली.

अशात आमच्या लेकीनं जाहीर केलं की रविवारी तिच्या मैत्रिणी येणार आहेत आणि तिनं त्यांना घरी केलेला पिझ्झा कबूल केला आहे. स्टँडजवळ विकत मिळतो, तो आण, असं मी म्हटलं. तर म्हणे, तो तर सगळेच खातात. पोरगी नववीत, बापासारखी हट्टी. तिनं मोबाइलवर कृती शोधली, मैदा आणला, यीस्टची पुडी आणली, आणि करायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं.

मी आधी तालीम करायची ठरवली. शाळेत शिकवून घरी आले, परातीत मैदा घेतला, मीठ टाकलं, वाटीभर कोमट पाणी काढलं. सासूबाईंची खोली स्वयंपाकघराला लागूनच आहे. खोलीचं दार उघडं होतं आणि त्या खाटेवरून सगळं बघत होत्या. तिथूनच आवाज आला.

"काय करून राह्यली वं?"

"पिझ्झ्याची कणीक भिजवून राह्यले आई."

"मंग पानी आधनाचं घे. कोमट पान्यानं पीठ धरत नाई."

आता हे समजून घ्या की पिठाच्या बाबतीत माझ्या सासूबाईंचं म्हणणं पिंपळगावात कुणी खोडून काढलेलं मी पाहिलं नाही. ज्वारीचं पीठ जुनं असलं की त्या नुसतं चिमटीत धरून सांगायच्या. आमच्याकडे भाकरीला उकळतं पाणी, म्हणजे आधण, घेतल्याशिवाय भाकर तुटते हे शेंबडं पोरही जाणतं. खापरावरचे मांडे करावेत तर त्यांनीच. गावात कुणाकडे लग्न असलं, पाहुणे असले, की बोलावणं यायचंच. गव्हाची सैल कणीक आपटून आपटून अशी लवचीक करायच्या की पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर झुलवत झुलवत कोपरापर्यंत पसरायचा, आणि मग उपड्या खापरावर एका झटक्यात टाकायच्या. आतलं पुरण दिसेल इतका पातळ मांडा, आणि भोक म्हणून नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा ते बघत नुसती उभी राहिले होते. आजही मला त्याहून देखणं काम माहीत नाही. तर अशा बाईनं आधणाचं पाणी घे म्हटल्यावर मी मोबाइलचं ऐकणार होते थोडीच. पाणी खळखळ उकळवलं, त्यात साखर टाकली, यीस्ट टाकलं आणि सगळं मैद्यात ओतलं.

कणीक फुगली नाही. दुपारी झाकली ती दिवेलागणीपर्यंत जशीच्या तशी, दाबावं तर बोट उमटून राही. लेक दर थोड्या वेळानं फडकं उचलून बघायची आणि माझ्याकडे असं बघायची की जणू मीच कणकेला बसवून ठेवलं आहे.

शेजारची वहिनी वाटीभर दही मागायला आली होती, तिनं परातीत डोकावून बघितलं. तिच्या माहेरी पावाची भट्टी होती, लहानपण तिथंच गेलेलं. तिनं दोनच प्रश्न विचारले आणि हसायलाच लागली.

"भाभी, खमीर तो जिंदा रहता. उबलता पानी डाले तो मर गया ना वो. बच्चे को नहलाते इत्ता ही गरम होना."

हे खोलीत ऐकू गेलं. वहिनी गेली. मग सासूबाई भिंतीला धरत दारापर्यंत आल्या आणि परातीकडे बघत उभ्या राहिल्या.

"माह्या सांगन्यावरून बिघडलं न हे."

"जाऊ द्या न आई, मले तरी कुठं माहीत होतं."

"याचे वरणफयं कर. अन् उद्या पुना भिजव."

त्या दिवशी आम्ही मैद्याची वरणफळं जेवलो. बुळबुळीत झाली होती. सासूबाईंचं ताट नेहमीप्रमाणे आत गेलं. पण ताट न्यायला गेले तेव्हा त्यांनी मला विचारलं की ते खमीर असतं कशाचं, खातं काय, थंडीत मरतं का. झटका आल्यापासून त्यांनी औषधाच्या वेळेपलीकडे काही विचारलं नव्हतं. मी ताट हातात धरून तिथंच बसले आणि मला जेवढं येत होतं तेवढं सांगितलं. त्यांची कणीक आयुष्यात पहिल्यांदा बसली होती, आणि ती तशीच बसू द्यायची त्यांची तयारी नव्हती. मला त्यांचा हा ताठा फार आवडतो. तो माझ्यावर निघतो तेव्हा आवडत नाही, तो भाग वेगळा.

दुसऱ्या दिवशी मी पाण्यात आधी बोट घालून बघितलं, मग यीस्ट टाकलं. थोड्या वेळानं वर फेस धरला. सासूबाई या वेळी दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. फेस बघून त्यांनी मान डोलावली. मी मैद्यात पाणी घातलं आणि कालवायला लागले, तर सगळं बोटांना चिकटलं. मी मुठीनं कोरडं पीठ भुरभुरलं.

"कोरडं नोको टाकू."

"चिकटून राह्यलं न आई."

"चिकटू दे. सैलच पाह्यजे ते. मयत राह्य, आपोआप सुटते."

मी मळत राहिले. माझे हात खडू धरणारे, दोन मिनिटांत भरून आले. मी पुन्हा हळूच पीठ घेतलं. त्यांनी ते पाहिलंच.

"सरक वं तिकडं," असं म्हणून त्या उठल्या.

मोरीत जाऊन त्यांनी हात धुतले. दोन्ही. परात ओट्यावरून खाली ठेवायला लावली, पाटावर बसल्या आणि पदर खोचला. उजवा हात इतक्या दिवसांनी दिवसाउजेडी बाहेर आलेला मी पाहत होते. बोटं अर्धवट वाकलेली, सुकलेली. डाव्या हातानं त्यांनी कणकेचा पदर उचलला, आत दुमडला आणि उजव्या तळहाताची टाच त्यावर ठेवून अख्खा खांदा खाली टेकवला. बोटं धरत नव्हती, पण दाबायला बोटं कशाला लागतात. डाव्यानं उचलायचं, दुमडायचं, उजव्यानं रेटायचं. सुरुवातीला परात फिरायची, तर मी पायानं धरली. मग त्यांना लय सापडली आणि मी नुसती बघत बसले. कपाळावर घाम आला, श्वास जोरात व्हायला लागला. मी म्हटलं, पुरे आता. त्यांनी ऐकलं नाही. गोळा उचलून परातीत आपटला, पुन्हा उचलला, पुन्हा आपटला. हळूहळू कणीक परात सोडायला लागली आणि तिच्यावर तुकतुकी आली. त्यांनी एक चिमूट ओढून मला दाखवली. ती ताणली गेली, तुटली नाही.

मला तेव्हा रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही. त्या म्हणाल्या, "काऊन रडून राह्यली? झाकून ठेव, वारं लागन."

बुलढाण्याच्या थंडीत कणीक फुगवणं हेही एक प्रकरणच आहे. शेवटी पातेलं फडक्यात बांधून गच्चीवर उन्हात ठेवलं आणि माकडं येतात म्हणून लेकीला राखणीला बसवलं. उन्हं कलायच्या आत ती पातेलं घेऊन धावत खाली आली. झाकण वर उचललं गेलं होतं. सासूबाईंनी त्यात बोट खुपसलं, कणीक हळूच सुस्कारा सोडल्यासारखी बसली, आणि त्या हसल्या. तालमीचा तो पिझ्झा आम्ही बाकीच्यांनी खाल्ला, चांगला झाला. सासूबाईंनी त्यांचा तुकडा आतच नेला.

रविवारी सकाळी कणीक त्यांनीच भिजवली, पाणीही स्वतःच बघितलं. पोरी आल्या. आमच्याकडे ओव्हन नाही. जाड बुडाच्या पातेल्यात मीठ तापवून त्यावर ताटली ठेवायची, असा बेत होता. मी पोळपाट-लाटणं घेतलं, तर सासूबाईंनी लाटणं बाजूला सारलं. गोळा घेतला, तळहातावर चपटा केला आणि मांड्यासारखा हातांवर टाकला. डाव्या मनगटावरून उजव्या मनगटावर, तिथून परत. या कामात बोटांना फारसं काम नसतंच, सगळा खेळ मनगटाचा आणि कोपराचा. कणीक त्यांच्या हातांवर गोल गोल पसरत गेली. पोरी दारात गोळा झाल्या. एकजण म्हणाली, "आजी, तुमी कुठं शिकल्या हे?" त्या म्हणाल्या, "शिकाचं काय त्यात." पण आवाजातला तोरा माझ्या ओळखीचा होता. मी तो विसरायला लागले होते.

पिझ्झे एकेक होत गेले. कांदा, शिमला मिरची, टमाट्याची चटणी आणि वर चीज. पोरी बैठकीत सतरंजीवर गोल बसल्या. सगळ्यांचं झाल्यावर सासूबाई हात धुऊन खोलीत निघाल्या. मी त्यांच्यासाठी ताटली भरली. त्या बैठकीच्या दाराशी थबकल्या होत्या.

"पाह्यलं का वं," त्या हळूच म्हणाल्या, "डाव्या हातानं खाऊन राह्यल्या पोरी."

खरंच होतं. पोरींच्या उजव्या हातात मोबाइल, एकमेकींचे फोटो काढणं चाललेलं, आणि डाव्या हातात पिझ्झा. चीजच्या तारा हनुवटीवर. त्यात आमचीही होती.

"हाव आई," मी म्हटलं. आता चापट बसते की काय असं मला वाटलं.

त्या बघत उभ्या राहिल्या. कुणाचंच त्या डाव्या हातांकडे लक्ष नव्हतं.

"मले बी दे एक तुकडा."

"खोलीत ठेवू?"

"इथंच दे."

लेकीनं सरकून जागा केली. त्या सावकाश खाली बसल्या, पोरींच्या मधोमध. डाव्या हातानं तुकडा उचलला. तो वाकला, कांदा मांडीवर पडला. शेजारच्या पोरीनं न बघताच तो उचलून ताटलीत टाकला आणि आपल्या बोलण्यात पुन्हा रमली. सासूबाईंनी खाल्लं आणि दुसरा तुकडा मागितला. कड अजून थोडी कडक झाली पाहिजे होती, असंही सांगितलं.

नवरा त्या दिवशी गावी शेतावर गेला होता, त्यानं यातलं काही पाहिलं नाही. मी त्याला सांगितलंही नाही. पोरींच्या गर्दीत जे झालं ते घरच्यांपुढे होईलच याचा मला भरवसा नव्हता.

सोमवारी संध्याकाळी मी रोजच्यासारखी पानं घेतली. ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, ठेचा. त्यांचं ताट भरून आत न्यायला वळले, तर त्या खोलीतून बाहेर आल्या आणि नवऱ्याच्या समोर, भिंतीला टेकून बसल्या. मी ताट त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी उजव्या हाताची टाच भाकरीवर दाबून धरली, डाव्या हातानं तुकडा मोडला, भाजीत बुडवला आणि तोंडात घातला. नवऱ्याचा हात ताटावरच राहिला होता. त्यांनी वर बघितलं.

"काय पाहून राह्यला? जेव," त्या म्हणाल्या.

तो मान खाली घालून जेवायला लागला. त्या दिवशी त्यानं दोनदा भाकर मागून घेतली.