दादारावचा उभा एरियल

मंडळी, आज दुपारी दिग्रसहून दादारावचा फोन आला. "भाऊ, सहा मीटरच्या रेडिओ-पट्ट्यावर आता चिटपाखरू नाही. सेट भंगारात देऊन टाकू काय?"

माझ्याच्यानं हो म्हणवेना. एकोणीसशे साठनंतर आम्ही दोघं हौशी रेडिओवाले झालो. बाकीचे लांबच्या देशांशी बोलत, आम्ही हा ओसाड पट्टा धरला.

सुरुवातीला मी यवतमाळहून आठवडाभर हाका मारल्या. तिकडून काहीच नाही. शेवटी एसटीनं दिग्रस गाठलं. पाहतो तर याचा एरियल उभा, माझा आडवा! दोन्ही एकसारखे नसले तर आवाज पोचणार कसा?

"उभा काहून केला रे?"

"आडव्यावर माय लुगडं वाळू घालते ना, भाऊ!"

मग मायला वेगळी दोरी बांधून दिली आणि त्याचा एरियल आडवा केला. दुसऱ्या दिवशी यवतमाळात त्याचा आवाज खणखणीत आला. त्या आनंदात मी चौथीतली अख्खी कविता म्हटली.

"कविता झ्याक हाय, पण माहा आवाज कसा येते थे सांगा ना!"

आज त्याला म्हटलं, "सेट देऊ नको. उद्या पाचला लाव."

"अन् कोणीच नाही आलं तं?"

"मी येतो ना."

तुमच्यापैकी आणखी कोणी येता का?