बाळंतिणीची सुट्टी

गेल्या एकादशीला फराळासाठी जिऱ्याची पुडी सोडली आणि हात थांबला... कागद जुन्या मराठी पेपरचा होता. पुडीचा कागद फेकायचा नाही, सरळ करून ठेवायचा, ही माझी सवय. म्हणून वाचला गेला.

लिहिलं होतं, जगातल्या पुष्कळ देशांनी एकत्र बसून ठरवलंय... कारखान्यातल्या बाईला बाळंतपणानंतर सहा आठवडे कामावर बोलवायचं नाही. तिची जागा जाता कामा नये, आणि तेवढ्या दिवसांत पोटालाही मिळावं.

माझ्या डोळ्यांपुढे आमच्या मागच्या गल्लीतली गया आली. इथल्या एका जिनिंगमध्ये, सरकी काढायच्या कारखान्यात, ती मशीनवर कापूस घालते. मुलीची पाचवी पुजून झाली तोच मुकादमाचा निरोप, उद्या ये, नाहीतर दुसरी बाई बसवतो. गयाला तर उठून बसलं तरी घेरी येत होती... आणि जागा गेली तर घर चालणार कशावर?

तिच्या सासूला कागद वाचून दाखवला. म्हणाली, "आवो बाई, पन हे मुकादमाला कोन सांगनार? मला तर त्यो दारात उभं करीत न्हाई. तुमीच चला." देवापुढे हात जोडले आणि निघाले तिच्याबरोबर.

मुकादम ओसरीवर पान लावत बसले होते. कागद पाहून खो खो हसले. "पुडीवरला कायदा आनला का बाई! वो दुनिया का ठराव है. अपनी रियासत में किसने माना?"

मी कागद पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिला... खरंच, आपल्या रियासतीनं, म्हणजे या संस्थानानं, मानला की नाही, ते त्या तुकड्यात नव्हतंच.

तेवढ्यात पडद्याआडून त्यांच्या आईचा आवाज आला. "क्या रे, तेरी बहन जचकी को मैके आई, बच्चा हुआ, तो चालीस दिन चौखट के बाहर पाँव नै रखने दिया तू. वो गया क्या लोहे की है?"

गयाच्या सासूनं तेवढ्यात साधलं, "आमच्यात बी सव्वा महिना हाय की, अम्मा!" आतून "हौ तो!" आलं... आणि मग दोघी म्हाताऱ्यांनी मिळून त्यांना बोलूच दिलं नाही.

शेवटी म्हणाले, "बरं बरं, चाळीस दिवस तिच्या जागी तिची नणंद येऊ द्या. पन मजुरी काम करनारीला. घरी बसलेलीला मालक देत नसतो."

म्हणजे कागदातलं निम्मंच पदरात पडलं. पण जागा राहिली.

काल गयाची नणंद कामावरून आली ती हसतच. मशीनवरच्या, पोटुशी असलेल्या एका बाईला मुकादमांनी आपणहून विचारलं म्हणे, "तुझ्या जागी कोन येनार, आत्ताच सांगून ठेव."

रियासत जगाचं कधी ऐकेल ते देव जाणे. पण एका जिनिंगपुरता तरी रिवाज पडला... राहिलेलं निम्मं, सुट्टीतली मजुरी, मागायला आता बायकांचं तोंड उघडेल, असं मला मनापासून वाटतंय.