आईचा डावा हात

आधीच सांगतो, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यांतला नाही. या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव वाचून खाली खवचट कमेंट टाकणारा जो असतो ना... तो मीच. त्यामुळे आज माझी खेचायची असेल तर खुशाल खेचा.

मी ओमानमध्ये निझवाला नोकरी करतो. निझवा ही इथली जुनी राजधानी. तिथल्या जुन्या वस्तीत एका युरोपियन संशोधन अकादमीने मातीचं दुमजली घर भाड्याने घेतलंय. परदेशी अभ्यासक येऊन राहतात – जुनी घरं, पाण्याचे पाट, लोकगीतं, काय वाटेल ते अभ्यासतात. मी तिथला ॲडमिन, म्हणजे त्यांच्या व्हिसापासून गळक्या नळापर्यंत सगळं माझ्याच गळ्यात. राहतो मात्र मस्कतजवळ अल खौदला. रोज गाडीने ये-जा.

बाबा गेल्यावर आई गुहागरकडच्या घरात एकटी पडली, म्हणून तिला व्हिजिट व्हिसावर घेऊन आलो. आणि आईने बोलणंच सोडलं. जेवण म्हणजे कसेबसे दोन घास. बाबांचं एक धोतर पिशवीत घेऊन बसायची, त्याला कुणाला हात लावू द्यायची नाही. माझी मुलगी इरा डावखुरी आहे. पूर्वी गावी गेलो की आई सारखी तिच्या मागे – "उजव्या हाताने जेव गं!" मला तर लहानपणी डाव्या हाताने प्रसाद घेतला म्हणून फटका बसलाय. आता इरा तिच्यासमोर डाव्या हाताने जेवत होती आणि आई नुसती बघत होती. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

बायको शाळेत शिकवते, दिवसभर घरी कुणी नाही. म्हणून मी आईला निझवाला बरोबर नेऊ लागलो. आमच्या डायरेक्टर डॉ. हाना मनाने चांगल्या, त्यांनी अंगणाकडची मागची खोली तिला बसायला दिली.

एका दुपारी डबा घेऊन गेलो तर आतून आईचा आवाज! शेजारणीशी गप्पा मारताना लागतो तसा, चांगला मोकळा. मी दारातच थबकलो. आत आई एकटी. मांडीवर बाबांचं धोतर... तिने चक्क कापलं होतं. आणि त्या तुकड्यावर ती बारीक बारीक भोकांची नक्षी शिवत होती. इथले पुरुष भरतकामाची गोल टोपी घालतात, कुम्मा म्हणतात तिला. त्या टोपीची वरची चकती होती ती. आयुष्यात गोधडीपलीकडे न गेलेली माझी आई!

"कोणाशी बोलत होतीस?"

"घरच्या बाईशी."

"कुठली बाई? आणि तुला अरबी कधीपासून यायला लागलं?"

"ती तिचं बोलते, मी माझं. अडतंय कुठे?" म्हणाली, आणि डबा पुढे ओढून पोटभर जेवली.

बायको म्हणाली, डॉक्टरला दाखवू. तिचं काही चुकत नव्हतं, पण मला वाटे, उपचाराच्या नादात ही पुन्हा गप्प झाली तर? डॉ. हानांना मात्र भारी उत्सुकता. आईला विचारून त्यांनी खोलीत रेकॉर्डर ठेवला. आम्ही दोघांनी ऐकलं. आईचा आवाज, मग शांतता, मग आईचं हसणं, पुन्हा शांतता. दुसरा आवाज नाहीच. मला सुटल्यासारखं झालं. दुःखात माणूस स्वतःशी बोलतो, खलास, विषय संपला.

मग घराचे मालक नासिर आले. गंजलेला दरवाजा बघायला मागे गेले आणि खोलीच्या दारात उभेच राहिले. आई शिवत होती.

"ये किसने सिखाया?" त्यांनी मला विचारलं. इथल्या बऱ्याच जणांना येतं तसं मोडकंतोडकं हिंदी त्यांनाही येतं.

"नक्षी ओळखीची आहे का?" मी हिंदीत विचारलं.

"डिझाइन नहीं, भाई. हाथ देखो."

मी पाहिलं. इतके दिवस माझ्या लक्षातच आलं नव्हतं. सुई आईच्या डाव्या हातात होती.

"मेरा उम्मी ऐसा बैठता था. इधर ही. लेफ्ट हॅण्ड से. सब लोग गुस्सा करता था, वो सुनता नहीं था." उम्मी म्हणजे त्यांची आई. ती वारून बरीच वर्षं झाली. नासिरचे डोळे भरून आले होते.

मी आईला विचारलं, "डाव्या हाताने का शिवतेस?"

"ती तशीच शिवते," आई म्हणाली. "मी तिला पण सांगून पाहिलं, उजव्याने कर म्हणून. हसली नुसती."

हे आईला कुणी सांगितलं असेल? नासिरला ती त्या दिवशी पहिल्यांदाच भेटत होती. डॉ. हानांनी सगळं लिहून घेतलं. तुमच्यापैकी कुणाकडे याचं उत्तर असेल तर सांगा, खवचट असलं तरी चालेल.

व्हिसा संपला तेव्हा चकती पूर्ण होती, टोपीची कड राहिली होती. निघायच्या आदल्या दिवशी आईने इराला जवळ बसवलं आणि कडेचा तो अर्धा तुकडा तिच्या पुढ्यात ठेवला. इराने बिचकत सुई उजव्या हातात घेतली.

आईने ती काढली आणि तिच्या डाव्या हातात दिली.