दुमडलेल्या हातावरची खूण

"भोकं दिसतायत ना तुला? मग त्यांच्यावर ठिगळं लाव आणि मोकळी हो!"

"भोकावर ठिगळ कुणीही लावेल. मी कोपरावर लावते."

"वहिनी, साधा स्वेटर आहे तो. राजाचा अंगरखा नाही."

"तुझ्या दादाला सांग, हवा असेल तर येऊन हात दुमडून दाखव म्हणावं."

नणंदेनं हातातलं रिकामं खोकं शिलाई मशीनवर आपटलं. दादाचा फोन तिला आला होता, वहिनीला नाही. इकडे थंडी पडलीये, माझा निळा स्वेटर कोपरं नीट करून पाठव. आता, 'पाठव' म्हणजे घ्यायला येत नाही, एवढं कळायला वहिनीला तो फोन ऐकायची गरज नव्हती. कामासाठी म्हणून गेला, त्याला तिसरा हिवाळा लागला होता. खुंटीवर त्याचं म्हणून एवढंच उरलं होतं.

जिन्याखालच्या त्या खोलीत ती लोकांच्या कोटांना, स्वेटरना कोपराची ठिगळं लावायची. गल्लीत नावच पडलं होतं, 'कोपरवाल्या वहिनी'. नवीन होती तेव्हा टेबलावर बाही पसरून खूण केली होती एकदा. गिऱ्हाइकानं हात दुमडला आणि ठिगळ पार दंडावर चढलं! तेव्हापासून तिचा नियम: आधी अंगात घाला, हात दुमडा, मग खडू. शाळेतल्या मास्तरांनाही तिनं सोडलं नव्हतं. "कप धरल्यासारखा हात धरा हो, फळ्यावर लिहू नका."

"बरं, मग माझ्या अंगावर घे खूण," नणंद म्हणाली. "लहानपणी आम्ही एकमेकांचे स्वेटर घालायचो. आई म्हणायची, दोघांचे हात एकाच साच्यातले."

वहिनी काही बोलायच्या आत तिनं तो डोक्यातून घातलासुद्धा. हात दुमडला. कोपर बरोबर त्या खोलगट जागेत जाऊन बसलं. खिडकीच्या कठड्यावर कोपरं टेकून दादा तासन्‌तास बाहेर बघत बसायचा, तिथंच लोकर विरून खळगा पडला होता. वहिनीनं खडूनं गोल काढला. खडू ठेवला. पण ते कोपर तळहातात तसंच धरून राहिली.

"वहिनी, गुदगुल्या होतायत."

"हलू नकोस."

"आवाज असा का येतोय तुझा?"

"तोंडात टाचण्या आहेत."

टाचण्या सगळ्या मशीनवरच्या छोट्या उशीत खोचलेल्या होत्या. नणंदेनं त्या पाहिल्या आणि मुकाट्यानं दुसरा हात पुढे केला.

मग वहिनीनं तपकिरी मऊ चामडं कापलं. दोन्ही ठिगळं काठाकाठानं हातानं शिवली, इतकी बारीक की टाका शोधावा लागेल. नणंद दोनदा दाराशी जाऊन आली, पार्सलवाला बंद करेल म्हणून कुरकुरली, पण "आवर" म्हणाली नाही.

स्वेटरची घडी वहिनीनंच घातली. बाह्या आत घेतल्या, खोक्यात ठेवल्यावर वरून एकदा हात फिरवला.

"थंडी आहे म्हणाला. बाकी?"

"बाकी काय? बरा आहे."

"माझं काही विचारलं?"

नणंद चिकटपट्टीचं टोक नखानं उचकटत बसली.

"बरं, ते राहू दे. कधी येतो म्हणाला, तेवढं सांग."

नणंदेनं पट्टी लावली, दाबली, नसलेली सुरकुती पुन्हा दाबली. खोकं काखेत मारलं आणि वहिनीकडे न बघता दाराबाहेर पडली.