पाटावर बसलेला बी.ए.

माझ्या लहानपणी आमच्या घरी शेत नव्हतं. आप्पा, म्हणजे माझे वडील, गुजर पाटलांच्या केळीत मोट हाकायचे, आई त्याच मळ्यात निंदायला जायची. दोघं संध्याकाळी परतली की ज्वारीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा. ठेच्यावर तेलाची धार पडली तर त्या दिवशी सण. गावात शाळा नव्हती. शाळा तापीच्या पलीकडच्या काठाला. आणि नदी ओलांडायची तर भोयांची नाव. सुगीत प्रत्येक शेतकरी भोयांना धान्य घाली आणि वर्षभर नावेतून जाई-येई. आमच्याकडे शेतच नाही, तर धान्य कुठून घालणार? तरीही पहिल्या दिवशी मी पाटी काखेत धरून घाटावर उभा राहिलो, तेव्हा सुपडूच्या बापाने मला बखोटीला धरून नावेत उचलून ठेवलं. पाच वर्षं मी तसाच गेलो आणि तसाच आलो. बापाबरोबर नावेत असायचा सुपडू, माझ्याच वयाचा. तो काही शाळेत गेला नाही. परतताना मला विचारायचा, "आज काय शिकना?" मी एक ओळ म्हणायचो, तो वल्ह्याच्या ठेक्यावर ती पाठ करायचा.

त्या सुपडूच्या घरून गेल्या महिन्यात पोस्टकार्ड आलं. पोस्टकार्डाचा कोपरा फाडलेला होता, म्हणजे सुपडू गेला हे वाचायच्या आधीच कळलं. मी नंदुरबारच्या शाळेत वर्गावर होतो. शिपायाने कार्ड टेबलावर ठेवलं आणि मी मुलांना म्हटलं, "पुढचा धडा मनात वाचा." तास संपेपर्यंत मी खुर्चीवरून उठलो नाही.

त्याआधी दोन महिने मी त्याला भेटलो होतो, ती शेवटची भेट. नदीच्या वाळूत त्याचा टरबुजांचा वाफा होता, तिथे तो मांडवाखाली पडून होता. अंगात बारीक ताप, उजवा खांदा नेहमीसारखाच खाली ओघळलेला. इकडचं तिकडचं झालं. मी उठायला लागलो तेव्हा म्हणाला, "मन्हं जाऊ दे, भो. मन्हं आयुष्य व्हई गये. पन झिपरूनं काय?"

झिपरू म्हणजे त्याचा थोरला मुलगा, लग्न झालेला, हाताने बळकट. सुपडू काय विचारत होता ते मला पुरतं ठाऊक होतं. आणि मी काय म्हणालो? "बघू," म्हणालो.

तो "बघू" आता मला सोडत नाही. म्हणून हे लिहायला बसलो आहे. सुपडू किती चांगला होता हे सांगणारे गावात पुष्कळ आहेत. मला जे सांगायचं आहे ते मला एकट्यालाच सांगता येण्यासारखं आहे.

वीसेक वर्षांपूर्वी मी पुण्याहून बी.ए. होऊन आलो. आमच्या गावातला पहिला बी.ए., आणि आजूबाजूच्या पाच गावांतलाही. याचा मला अभिमान होता, आजही आहे; तो लपवण्यात अर्थ नाही. गावाने वाजतगाजत आणलं. ज्या पाटलांच्या मळ्यात आप्पा मोट हाकत, त्यांनी ओट्यावर आप्पांना शेजारी बसवलं. नंदुरबारच्या शाळेत नेमणूकही झाली होती. दसऱ्यानंतर रुजू व्हायचं होतं. सुपडू मिरवणुकीत मागे मागे होता. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात येऊन म्हणाला, "चाल, बी.ए. साहेब. संगमलगून जाई येऊत. मन्ही नवी डोंगी तू देखीच नही."

डोंगी म्हणजे एकाच खोडातून कोरून काढलेली अरुंद होडी. खोड तळोद्याच्या बाजूच्या जंगलातून आणलेलं, कोरायला त्याला दोन पावसाळे लागले होते. ती जेमतेम दोन माणसांची. डोंगीत बसायचं ते तळाला, गुडघे मुडपून, पाण्याच्या पातळीखाली. वर बसलं की ती कलते. नदीकाठच्या पोराला हे चालायला लागण्याआधी कळतं. मलाही कळत होतं.

घाटावर गेलो तर सुपडूने डोंगीच्या दोन्ही काठांवर आडवा पाट टाकलेला. घरचा पाट, त्याच्या लग्नातला, पितळी फुलं ठोकलेला.

"हे काय रे?" मी म्हणालो. "मी खाली बसतो."

"खाले पानी शे, चिखल शे. बी.ए. व्हयेल मानूस चिखलमा बठना, तर मन्ही माय मले घरमा येऊ दी का?"

"अरे, पण डोंगी..."

"डोंगी मन्ही शे का तुन्ही? बठ गुमान. आनि ते धोतर वर खोस, साहेब, नही तर तापीमाय लई जाई."

मी पाटावर बसलो. अंगात कॉलेजातला काळा कोट होता, पायात बूट. खरं सांगतो, मला ते आवडलं. ज्या घाटावर मी पाटी घेऊन ओशाळा उभा राहत होतो, तिथून मी पाटावर बसून निघालो होतो. त्याने तो पाट मायेनेच टाकला होता, मी अहंकाराने त्यावर बसलो, आणि आम्हां दोघांपैकी एकानेही तो काढला नाही.

आश्विनातलं पाणी. गढूळपणा गेलेला, पण ओढ कायम. सुपडू मागे गुडघ्यांवर बसून वल्हं मारत होता आणि डोंगी कशी सरसर चालली होती... काठावरून केळीचे मळे मागे सरकत होते, उत्तरेला सातपुडा निळा दिसत होता. वळणाजवळ पाणी गरगर फिरत होतं. सुपडू म्हणाला, "तठे भवरा शे. तुन्ही इंग्रजीमा भवराले काय म्हनतस?"

मी शब्द सांगितला. त्याने तो दोनतीनदा घोळून पाहिला. "हाई ऐकीसन भवरा थांबस का?"

"नाही."

"मंग आपलाच शबूद बरा," असं म्हणून त्याने वल्ह्याच्या एका फटक्यात डोंगी भोवऱ्यापासून लांब काढली. तसा हात मी पुन्हा कुणाचा पाहिला नाही.

वळणापुढे पलीकडच्या गावाचा घाट आला, माझ्या शाळेचा घाट. पायरीवर एक म्हातारा ओल्या पंचाने उभा होता. ते आमचे गुरुजी. ज्यांनी मला अक्षरओळख करून दिली आणि पुढे शिकव म्हणून आप्पांच्या घरी तीनदा नदी ओलांडून आले, ते. डोळ्यांत मोतीबिंदू झालेला. वल्ह्याचा आवाज ऐकून त्यांनी हाक दिली, "कोण जातंय?"

सुपडू ओरडला, "गुरुजी, तुमना बी.ए. शे!"

आणि गुरुजींनी हात जोडले. मी जोडायच्या आधी त्यांनी जोडले, माझ्या दिशेने, अंदाजाने.

गुरू पायरीवर उभे, हात जोडलेले, आणि शिष्य पाटावर बसलेला! आमच्या घरी हे कुणाला शिकवावं लागत नाही. वडीलधारं माणूस उभं दिसलं की आपले पाय आपोआप उभे राहतात. माझेही राहिले. सुपडूचं "बठ! बठ!" कानावर आलं तोवर पाट सरकला होता.

पाण्यात काय झालं ते मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. कोट जड झाला. धोतर पायांना गुंडाळलं. ओढीने मी खाली चाललो होतो आणि तोंडात पाणीच पाणी. मग पाठीखाली सुपडूचा खांदा आला. उलटलेली डोंगी त्याने एका हाताने धरली होती, मला तिच्यावर ढकलत होता. खाली खडकाचा पट्टा होता. डोंगी त्यावर आदळली तेव्हा खडक आणि डोंगी यांच्या मधे माझं डोकं आलं असतं. त्याने आपला खांदा घातला. तो आवाज मी विसरलेलो नाही. ओलं लाकूड मोडावं तसा.

लोक धावले. आप्पा मळ्यातून मोट टाकून आले होते. डोंगी दुभंगून वाहून गेली होती आणि आम्ही दोघं आमच्याच काठाच्या वाळूत पडलो होतो. आप्पांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग सुपडूकडे. "काय व्हयनं रे?"

मी अजून पाणी ओकत होतो. सुपडू पालथा होता, त्याने मानही वळवली नाही. म्हणाला, "मन्हा हात चुकना, आप्पा. वल्हं उलटं पडनं."

काल ज्याला मिरवलं तो आज डोंगीत उभा राहिला, हे त्याला माझ्या बापासमोर सांगायचं नव्हतं. एवढंच. त्याला ते किरकोळ वाटलं असणार. थोड्या वेळाने माझा श्वास जागेवर आला, बोलता येऊ लागलं. मी बोललो नाही.

गुरुजींना फक्त पाण्याचा आवाज ऐकू आला होता. दुसरं कुणी पाहिलेलं नव्हतं.

पंधरा दिवसांनी भोयांचे पंच बसले. त्यांचा नेम जुना आहे: ज्याच्या हातून बसलेला माणूस पाण्यात गेला, त्याने आणि त्याच्या घराने उतारावर, म्हणजे नाव नदी ओलांडते तिथे, पुन्हा वल्हं धरायचं नाही. पूर आला असेल किंवा बसलेल्याचीच चूक असेल तर दोष नाही. सुपडूच्या घराची नावेवरची पाळी काढून चुलतभावाला दिली. मला हे नंदुरबारला कळलं. मी नवा मास्तर, नवी नोकरी. त्यांच्या जातीतला निवाडा आहे, आपण कोण बोलणार, असं मी स्वतःला पटवलं. खांदा तर मोडलेलाच आहे, पाळी राहिली असती तरी त्याला नाव ओढता आली नसती, असंही पटवलं. शिकलेल्या माणसाला स्वतःला पटवायला वेळ लागत नाही.

दोन वर्षांनी मात्र मी त्याच्याकडे गेलो. म्हटलं, "सुपडू, मी पंचांना खरं सांगतो."

तो माशाचं जाळं विणत होता. एका हाताने विणायचा, दुसऱ्याने नुसतं दाबून धरायचा. "आते सांगीसन काय व्हई? तुले लोके खोटा म्हनतीन, मले येडा." मग हसला. "मास्तर शेस ना? पोरे तुन्हं ऐकतस. राहू दे."

मी राहू दिलं. मला तेच हवं होतं, हे त्याला दिसलं असणार. त्यानंतर मी दर सुट्टीत गेलो, त्याने दर वेळी टरबूज फोडलं, गप्पा मारल्या, टिंगल केली. तो विषय त्याने एकदाही काढला नाही... त्या शेवटच्या दिवसापर्यंत. आणि तेव्हाही स्वतःसाठी नाही. झिपरूने जन्मभर दुसऱ्याच्या नावेला धक्का देत राहायचं का, एवढंच त्याला विचारायचं होतं.

दहाव्याला मी गेलो. नदीवर पिंड ठेवले, कावळा शिवला, माणसं उठू लागली. मी म्हटलं, "थांबा." भोई होते, आमच्या गल्लीतले होते, माझे चुलते होते. मी उभ्याने सगळं सांगितलं. पाट सांगितला, गुरुजी सांगितले, मी उठलो ते सांगितलं. सुपडूचा हात चुकला नव्हता हे दोनदा सांगितलं.

 पंचांतले सगळ्यांत म्हातारे भिका तात्या म्हणाले, "मास्तर, तुमले वीस वरीस लागनात हाई सांगाले?"

"लागली," मी म्हणालो.

 आम्ही घरी परतलो तेव्हा सुपडूची बायको सोनाबाई आत गेली आणि आढ्यातून गोणपाटात गुंडाळलेलं लांबट काही काढून घेऊन आली. ते वल्हं होतं, त्याच्या बापाचं, नावेवरचं. मूठ झिजलेली, पण लाकूड काळंभोर, तुकतुकीत. कुठे एक चीर नाही. ती भिका तात्यांकडे पाहून म्हणाली, "दर आखाजीले करंजनं तेल लावेत. मी इचारू, कसाले? ते म्हनेत, लाकूड शे, वाळी जाई."

वीस आखाज्या, म्हणजे वीस अक्षय्य तृतीया. मी त्यातल्या कितीतरी सुट्ट्यांना त्याच घरात, त्याच आढ्याखाली जेवलो होतो. तेलाचा वास मला कधी आला नाही असं नाही. मी विचारलं नव्हतं.

तात्यांनी वल्हं हातात घेतलं, उलटंसुलटं पाहिलं आणि झिपरूच्या हातात दिलं.

पंचांनी त्याच दिवशी निवाडा फिरवला. सुपडूच्या घराला उतारावरची पाळी परत मिळाली. मंगळवारी आणि शुक्रवारी नाव झिपरू चालवतो.