वाणात आलेलं पाकीट

शेजारच्या शोभाकाकूंना फसवलं ते गेल्या संक्रांतीनंतरच्या शुक्रवारी, दिवेलागणीला, भर हळदीकुंकवात. मी तिथेच होते. ज्यांच्या घरी हळदीकुंकू होतं, त्या वहिनींनी वाण म्हणून वाटी-डबी नाही, आतड्यांसाठीच्या पावडरीचं पाकीट दिलं.

"काकू, आतडं सुधारलं की साखर आपोआप उतरते. मग त्या गोळ्यांची कटकट कशाला?"

"आमचे हे तर मलाच साखरेचं पोतं म्हणतात!" काकू म्हणाल्या. सगळ्या हसल्या. काकूंनी पाकीट कपाळाला लावून पदराखाली घेतलं.

वाणाला नाही म्हणायची आपल्यात रीत नाही, आणि ही पावडर विकायचा वहिनींचा धंदा नेमका त्यावरच चालतो. दुकानात काकूंनी तेच पाकीट उलटंसुलटं करून दुकानदाराला भंडावलं असतं. इथे कुंकू लावणाऱ्या हातावर संशय कसा घेणार? पावडरीने पोट साफ होतही असेल. पण गोळ्या सोडा, असं पाकिटावर कुठेच छापलेलं नव्हतं. ते नुसतं तोंडी, लाडाने सांगितलं होतं. म्हणजे उद्या हात वर करायला मोकळं.

काकूंनी गोळ्या सोडल्या. आता पायाची जखम भरत नाही, डॉक्टर अंगठा काढायचं म्हणताहेत. काकू मात्र मलाच समजावतात, "तिने चांगल्या मनानेच दिलं गं."

असली चांगली मनं मला नकोत. तुम्ही आज तुमच्या आईला विचारा, गोळ्या घेतेस ना? आणि नुसत्या "हो"वर उठू नका. गोळ्यांची पट्टी हातात घेऊन बघा.